आधी पोरांची पंगत

मे महिन्यात नात पुण्याहून आली होती. आंबे, फणस, काजू सगळे पोटभर खाऊन झाले की दुपारी करायचे काय, हा तिचा दरवर्षीचा प्रश्न. मग पडवीतल्या झोपाळ्यावर पडून मोबाइलवर काही ना काही बघणे चालू असते. एका दुपारी धावत आली, "आजोबा, हे बघा, किती गोड आहेत!" बघतो तर वाळूत मागच्या दोन पायांवर ताठ उभे राहिलेले, पोटाशी हात धरलेले, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेले हातभर उंचीचे प्राणी. सकाळी प्रार्थनेला उभी राहिलेली पोरेच जशी! पस्तीस वर्षे त्या रांगांसमोर उभा राहिलेला मास्तर मी, मला ते लगेच आवडले.

हे मीरकॅट. नावात कॅट असले तरी मांजराशी संबंध नाही, ते आपल्या मुंगसाचे भाऊबंद. राहतात आफ्रिकेच्या दक्षिणेला, कलहारीच्या वाळवंटात. वीस-तीस जणांचा कळप असतो. सगळे माती उकरून किडे शोधत असतात तेव्हा एकजण उंचवट्यावर चढून पहारा करतो. आकाशात ससाणा दिसला की त्याची हाक, आणि सगळे बिळात. लहान पिल्ले बिळात असली की एक-दोघे मागे राहतात आणि दिवसभर उपाशी राहून त्यांना सांभाळतात. केंब्रिजचे टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ साली तिथे अभ्यास सुरू केला, तो पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. २००६ साली तिथल्याच अभ्यासातून एक गंमत पुढे आली. मोठे मीरकॅट पिल्लांना विंचू खायला शिकवतात. आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी मोडलेला, आणि पिल्लू तयार झाले की जिवंत. सोप्याकडून अवघडाकडे! डी.एड.ला हे सूत्र आम्हाला पाठ करावे लागले होते. मीरकॅटना ते कोणी सांगितले कोण जाणे.

नातीने विचारले, "आपल्याकडे नाहीत का असे?"

मी अंगणाकडे बोट दाखवले. फणसाखाली सातभाई कचकच करत पाचोळा उलटत होते आणि त्यातला एक वर फांदीवर बसून टेहळणी करत होता. पण ती काही खूश झाली नाही, पक्षी नकोत, प्राणी हवा. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "आहेत की. कोळसुंदे."

तिने हा शब्दच ऐकला नव्हता. पुण्यात वाढलेल्या पोरीचे सोडा, बांद्याच्या बाजारात आजच्या पंचविशीतल्या मुलाला विचारले तरी तो "तां काय?" म्हणून विचारील. म्हणून हा लेख. थोडा इतिहास आहे, थोडे जंगल आहे, आणि शेवटी थोडे घरातलेही आहे. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

तर कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. कोणी कोळसून म्हणतात, कोणी कोळशिंदा. अंगाचा रंग विटकरी तांबडा, शेपटी झुपकेदार आणि टोकाकडे काळी, कान गोलसर उभे. वजन म्हणाल तर बारा ते वीस किलो, म्हणजे आपल्या गावातल्या कुत्र्याएवढेच. पण हा घरच्या कुत्र्याचा पूर्वज नव्हे. त्याचे कूळ वेगळे, इतके वेगळे की खालच्या जबड्यात मागच्या दाढा कुत्र्या-लांडग्यांपेक्षा एकेका बाजूला एक कमी असते. तो भुंकून जंगल डोक्यावर घेत नाही, शीळ घालतो. दाट रानात पांगलेली टोळी त्या शिळेवर पुन्हा एकत्र येते. चवथीच्या आधी माटवीचे सामान आणायला रानात गेलेली मंडळी एकमेकांना कूऽऽ घालतात, तसेच.

आमच्या बांद्याहून पूर्वेला पाहिले की सह्याद्रीची भिंत दिसते. आंबोलीपासून तिलारी, दोडामार्ग आणि पुढे गोव्याच्या म्हादईपर्यंत, वर कर्नाटकाच्या भीमगडपर्यंत हे एकसंध रान. वाघ, बिबटा, गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, पिसोरी हे सगळे त्यात आहे आणि कोळसुंदाही आहे.

आता गंमत ऐका. या प्राण्याची शास्त्रातली पहिली नोंद १८११ सालची, पीटर पालास या जर्मन शास्त्रज्ञाची, आणि तीही पार रशियाच्या अतिपूर्वेकडच्या प्राण्याची. आपल्याकडचा कोळसुंदा शास्त्राच्या दप्तरात आला तो वीस वर्षांनी, १८३१ साली, आणि तो आणला विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. हा साइक्स म्हणजे इतिहासाच्या मास्तराला सोडवत नाही असा माणूस. १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करून आकडेवारी गोळा करायला नेमले. शेती, पाऊस, लोकसंख्या, भाव हे सगळे मोजता मोजता तो पक्षी आणि प्राणीही टिपत गेला. त्याने रानकुत्र्याला लॅटिन नाव दिले त्यात दख्खन घातले, 'डुखुनेन्सिस', आणि मराठे याला कोळसून म्हणतात असे नोंदवून ठेवले.

मला हे वाचून फार बरे वाटले. खडकीला आमच्यावर तोफा डागणाऱ्या माणसाने आमचा एक शब्द लंडनला नेऊन जपून ठेवला! पुढे नेपाळात राहणाऱ्या ब्रायन हॉजसनने १८३८ साली या प्राण्याला कुत्र्यांच्या वंशातून काढून 'कुओन' हा स्वतंत्र वंश दिला. आज भारतातल्या रानकुत्र्याचे पूर्ण नाव कुओन अल्पायनस डुखुनेन्सिस. म्हणजे शेपटीला दख्खन बांधलेले आहेच.

इंग्रजीत मात्र त्याला 'ढोल' म्हणतात. हा शब्द आपल्या वाजवायच्या ढोलाचा नव्हे. कानडीत लांडग्याला तोळ म्हणतात, त्यावरून तो आला असावा असे काहींचे म्हणणे आहे. आपला कोळसून तिथे मागे पडला. असो.

नाव मिळाले, पण नाव खराबही झाले. त्याला कारण त्याची मारण्याची रीत. वाघ-बिबट्या सावजाचा गळा धरतात, सावज गुदमरून मरते, आणि मग ते खातात. कोळसुंदा एकटा सांबराच्या गळ्याशी लटकला तर सांबर त्याला झटकून फेकून देईल. त्याचा जोर टोळीत. चौघे-पाचजण मागून-बाजूने धरतात, सावज खाली येते आणि त्याचा जीव जायच्या आत खाणे सुरू होते. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो यात शंका नाही. पण हे काम बहुतेक वेळा काही मिनिटांत आटोपते. गळा धरलेले जनावरही काही क्षणात मरत नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. वाघ करतो ते राजासारखे, आणि कोळसुंदे करतात ते दरोडेखोरासारखे, असा आपला हिशेब.

गावोगावी गोष्टी होत्याच. कोळसुंदे झुडपांवर लघवी करून ठेवतात आणि सावजाला त्यातून पळवतात, मग त्याचे डोळे आंधळे होतात, ही लहानपणी मी आजीकडून ऐकलेली. वाघसुद्धा त्यांना घाबरून झाडावर चढतो, ही दुसरी. आमच्याकडे वाघाला मान आहे, दिवाळीत वाघबारस होते. कोळसुंद्याच्या नावाने नारळ फोडलेला मी काही पाहिला नाही.

साहेबाने तर त्याला शत्रूच ठरवले. इंग्रज शिकाऱ्याला हरणे-सांबरे हवी होती स्वतःच्या बंदुकीसाठी. तीच सांबरे कोळसुंदे खातात म्हणजे हा वाटेकरी. म्हणून तो 'उपद्रवी' जनावरांच्या यादीत गेला आणि त्याला मारणाऱ्याला सरकारी बक्षीस सुरू झाले. गोळी, विष, पिल्लांसकट बीळ बुजवणे, काहीही चालत होते. कातडे दाखवावे आणि पैसे घ्यावेत. हे फक्त साहेबाच्या काळात झाले असे समजू नका. देश स्वतंत्र झाला तरी बक्षिसे चालू राहिली, ती थेट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत. त्या साली मी बावीस वर्षांचा होतो. म्हणजे ही जुनीपुराणी गोष्ट नव्हे, माझ्या डोळ्यांदेखतची आहे.

आणि उरलेसुरले काम किपलिंगने केले. रुडयार्ड किपलिंग जन्माने मुंबईकर, १८६५ चा. 'जंगल बुक'चा दुसरा भाग १८९५ साली निघाला, त्यात तांबड्या कुत्र्यांची एक गोष्ट आहे. शिवनीच्या रानात मोगली आणि त्याचे लांडगे सुखाने नांदत असतात, आणि त्यांच्यावर चालून येतात ते दख्खनचे रानकुत्रे! म्हणजे आमच्याकडचेच. मोगली त्यांना फसवून मधमाश्यांच्या कड्यावर नेतो आणि पुढे नदीकाठी लांडगे त्यांचा फडशा पाडतात. गोष्ट म्हणून जबरदस्त आहे. मी ती वर्गात कितीतरी वेळा सांगितली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे.

१९८३ च्या सुमाराची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन (१ मे १९८१) दोन वर्षे झाली होती. मी तेव्हा घाटाखालच्या एका गावात शाळेवर होतो. माझे विषय मराठी आणि इतिहास, पण ऑफ तास मिळाला की पोरे "गुरुजी, गोष्ट" म्हणून ओरडायची. मी मोगलीची ती गोष्ट रंगवून सांगितली. शेवटी माझे ठरलेले वाक्य टाकले, "कोळसुंद्यासारखा क्रूर प्राणी जगात नाही. त्याला ना आई ना बाप ना पोर."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या घरी गुरे होती, सुट्टीत तो ती रानाच्या कडेला चारायला न्यायचा. शाळेत फारसे बोलत नसे. म्हणाला, "गुरुजी, तसां नाय. ते पोरांका पयलां खावक दितत. मोठे मागसून खातत. मियां बघलंय."

वर्ग हसला. मीही हसलो. "दुरून नीट दिसले नसेल तुला," असे काहीतरी म्हणून मी त्याला खाली बसवले. तो बसला. पुन्हा त्या वर्षात त्याने वर्गात काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

त्या मुलाचे बरोबर होते, आणि गंमत म्हणजे मी त्याला खाली बसवले त्याच्या आधीच ते कागदावर छापूनही झाले होते. ए. जे. टी. जॉनसिंग म्हणून एक प्राध्यापक होते, मूळचे तमिळनाडूचे, शिवकाशीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे. म्हणजे तसे बघितले तर आमच्याच जातीचे, खडू-फळ्याचे! त्यांनी १९७६ ते १९७८ अशी दोन वर्षे कर्नाटकातल्या बंदीपूरच्या रानात राहून कोळसुंद्यांची एक टोळी पायी फिरून पाहिली. मोकळ्या रानातल्या मोठ्या सस्तन प्राण्याचा असा शास्त्रीय अभ्यास करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. त्यांचा निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत गेले, अनेक विद्यार्थी घडवले आणि २०२४ च्या जूनमध्ये वारले. मला त्यांचे काम कळले ते निवृत्त झाल्यावर, एका मासिकातल्या लेखावरून. तो लेख वाचताना मला मागच्या बाकावरचा तो मुलगा उभा राहिलेला दिसला.

कोळसुंद्यांचे घर कसे चालते ते आता सांगतो. टोळीत साधारण पाच ते बारा मोठे. त्यात सहसा एकाच जोडप्याला पिल्ले होतात. बाकीचे म्हणजे त्यांची आधीची मुले, भाऊ, असे नात्यातलेच. थंडीच्या सुमारास मादी बिळात किंवा दगडांच्या कपारीत विते. एका वेताला सात-आठ पिल्लेही असतात. आता इतक्या पोरांची आई शिकारीला जाणार कशी? ती बिळाशी राहते. बरोबर कधी आणखी एखादा मोठा राखण म्हणून थांबतो. बाकीचे रानात जातात, शिकार करतात आणि पोट भरून परत येतात. मग पिल्ले त्यांच्या तोंडाला तोंड लावून मागायला लागली की पोटातले मांस ओकून त्यांच्यापुढे टाकतात. आईलाही तसेच देतात. आपल्याला ऐकायला कसेसेच वाटते, पण विचार करा, डबा नाही, पिशवी नाही, हात नाहीत. दोन-तीन कोसांवरून घरी अन्न न्यायचे तर पोटाशिवाय दुसरे भांडे कुठले?

अडीच महिन्यांची झाली की पिल्ले बीळ सोडतात. सहा-सात महिन्यांची होईपर्यंत टोळीबरोबर शिकारीच्या जागेपर्यंत जायला लागतात. आणि तिथे ती रीत, जी त्या मुलाने सांगितली होती. सावज पडले की मोठे बाजूला होतात आणि पिल्लांना आधी खाऊ देतात. सिंहांच्यात उलटे, तिथे दांडगा आधी आणि छावे शेवटी, कमी पडले तर उपाशी. कोळसुंद्यांच्यात पानावरून भांडणेही फारशी होत नाहीत. ज्याने त्याने भराभर खायचे, एवढीच चढाओढ.

वाचताना मला आमच्या घरचे सत्यनारायण, लग्ने, म्हाळ आठवले. खळ्यात पाने मांडली की आजी ओरडायची, "आधी पोरांची पंगत बसू दे!" पोरे उठली की मग पुरुष, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी वाढणारे. ज्या प्राण्याला 'ना आई ना बाप ना पोर' असे मी शिकवत होतो, त्याच्या घरी आमच्याच घरची रीत होती.

हे ते का करतात? स्वतःला पिल्ले नसताना दुसऱ्याच्या पिल्लांसाठी राबायचे कशाला? डार्विनलाही असे प्रश्न पडले होते. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले. भावंडांच्या अंगात आपलाच वाटा असतो, तेव्हा भावंड जगवले तरी आपला वंश काही अंशी पुढे जातो. शिवाय मोठ्या टोळीत शिकार सोपी आणि वाघ-बिबट्यापासून बचावही सोपा. म्हणजे यात सगळा त्याग नाही, हिशेबही आहे.

आणि प्राण्यांपासून सरसकट बोध घ्यायची आमची मास्तर मंडळींची खोड असते, तिला आवर घातलेला बरा. नातीला गोड वाटलेल्या त्या मीरकॅटमध्ये मुख्य मादी दुसऱ्या माद्यांना पिल्ले झाली तर ती मारून टाकते, त्यांना कळपातून हाकलून देते. हे मी नातीला सांगितले नाही. मोठी झाली की वाचील. सहकार आणि दांडगाई एकाच बिळात राहतात, मग ते बीळ मीरकॅटचे असो की आपले एकत्र कुटुंब.

आता घरातले.

आम्ही तिघे भाऊ. थोरला मुंबईला गिरणीत लागला, मी मास्तरकीला लागून गावोगाव फिरलो आणि धाकटा घराकडे राहिला. कोकणातल्या प्रत्येक घरात असा एक असतो. चाकरमानी मनीऑर्डर पाठवतात आणि घराकडे राहणारा आई-वडील, गुरे, शेत, देवाची पाळी, सगळ्यांची पोरे हे सगळे बघतो. थोरल्याची मनीऑर्डर दर महिन्याला यायची, पोस्टमन आला की आई पडवीत येऊन उभी राहायची. माझी दोन्ही मुले शाळेच्या पहिल्या काही वर्षांत धाकट्याकडेच होती, कारण मी होतो तिथे राहायची सोय नव्हती. त्यांना तापात खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेले ते त्याने. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, तो संप काही मिटला नाही. थोरला बायको-पोरांना घेऊन गावी आला. तेव्हा त्या सगळ्यांच्या पानात भात पडला तो धाकट्याने पिकवलेला.

पुढे काही वर्षांनी वाटणीची बोलणी निघाली. प्रत्येकजण आपण घरासाठी काय घातले ते सांगत होता. छप्पर कोणी घातले, विहीर कोणी बांधली, बहिणीच्या लग्नात कोणी किती दिले. धाकट्याकडे सांगायला आकडा नव्हता. आणि मी, दोघांत जास्त शिकलेला, पोरांना इतिहास शिकवणारा, मी बोलून गेलो, "तू काय, घरी बसून खाल्लंस."

तो काही बोलला नाही. आईच्या औषधाची वेळ झाली होती, उठून आत गेला.

वाटणी झाली, भांडण झाले नाही, आजही आमचे येणे-जाणे आहे. पण ते वाक्य मी परत घेतलेले नाही. जॉनसिंगांच्या त्या टोळीबद्दल वाचताना बिळाशी राखण करणाऱ्याच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो. रानात सांबर पाडणारे सगळ्यांना दिसतात. शिकारी त्यांच्याबद्दल लिहितो, किपलिंग त्यांच्याबद्दल लिहितो. बिळाशी बसलेला कोणाला दिसत नाही, कारण तो जिथे असतो तिथे काही घडत नाही. काही घडू नये म्हणूनच तर तो तिथे असतो.

कोळसुंद्यांची आजची स्थिती सांगून संपवतो. १९७२ च्या कायद्याने बक्षिसे थांबली आणि संरक्षण मिळाले, पण तोवर बराच उशीर झाला होता. भारतात पूर्वी ते जिथे होते त्यातल्या सुमारे ६० टक्के भागातून ते नाहीसे झाले आहेत. २००४ पासून जागतिक यादीत ते 'संकटग्रस्त' आहेत. २०१५ च्या अंदाजाप्रमाणे साऱ्या जगात मिळून पिल्ले देऊ शकणारे मोठे कोळसुंदे ९४९ ते २२१५. आमच्या बांद्याच्या एका आठवडा बाजारात याहून जास्त माणसे जमतात! माणसावर त्यांनी हल्ला केल्याचे उदाहरण शोधून सापडायचे नाही. त्यांना धोका आहे तो रान तुटण्याचा, सावज कमी होण्याचा आणि गावच्या कुत्र्यांकडून जाणाऱ्या रोगांचा. टोळीतल्या एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो. एकत्र राहण्याचा हा तोटा.

आमच्या बाजूला मात्र थोडे बरे घडले आहे. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीला बंदी घातली. २०२० च्या जूनमध्ये तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. जॉनसिंगांच्या एका टोळीला फिरायला चाळीसेक चौरस किलोमीटर लागत होते. म्हणजे तिलारीचे राखीव एका टोळीच्या अंगणाएवढेही नाही. तेव्हा आजूबाजूचे रान, मग ते खाजगी असो, देवराई असो, की गोव्याच्या हद्दीतले, टिकले तरच हे टिकणार. रबर आणि अननसाच्या ओळींत सांबर राहत नाही, आणि सांबर नाही तिथे कोळसुंदा नाही.

नातीला एवढे सगळे सांगितले नाही. पिल्ले आधी जेवतात एवढे सांगितले. ती म्हणाली, "मग ते मीरकॅटपेक्षा चांगले." मी म्हटले, "चांगले-वाईट राहू दे, आपले आहेत." दुसऱ्या दिवशी तिने वहीत एक कोळसुंदा काढून तांबड्या खडूने रंगवला. शेपूट काळी करायला विसरली नाही.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता साठीला आला असेल. त्याच्या किंवा त्याला ओळखणाऱ्या कोणाच्या वाचनात हे आले तर त्याला सांगा की गुरुजींनी कबूल केले, तुझेच खरे होते.

ज्यांनी कोळसुंदे पाहिले असतील, शीळ ऐकली असेल, त्यांनी जरूर लिहा. तुमच्या गावात त्याला काय म्हणतात तेही कळवा, साइक्ससाहेबासारखे मीही टिपून ठेवतो.

धाकटा भाऊ इंटरनेटवर काही वाचत नाही, त्याला त्याची गरजही पडत नाही. त्याच्या सुनेने हा लेख त्याला वाचून दाखवावा. सगळा नको, कंटाळेल. "आता घरातले" इथपासून दाखवावा. मी संध्याकाळी तिकडे येतोच आहे.